प्रौढ वयातील निदान : स्वमग्नतेच्या नावाचा इतिहास



मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' हे दोन निराळे वाक्प्रचार आहेत. पहिला बारशाच्या दिवशीचा, दुसरा पुढे जन्मभराचा. विक्षिप्त स्वभावाच्या माणसाला नावे ठेवण्याच्या कामी तर आपली भाषा मोठी समृद्ध आहे. एककल्ली, घुम्या, तऱ्हेवाईक, माणूसघाणा, शिष्ट, चक्रम असे किती तरी शब्द आपण घरोघरी वापरतो. आणि ते ज्याला लागू पडतील असा एखादा गृहस्थ प्रत्येक आळीत व प्रत्येक कचेरीत असावयाचाच. लग्नाच्या पंगतीत त्याचा जीव गुदमरतो. बोलावयास लागला तर आगगाड्यांची वेळापत्रके, जुनी नाणी अथवा असाच एखादा आवडीचा विषय सोडून दुसरे बोलत नाही, आणि ऐकणारा कंटाळला आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. थट्टेने म्हटलेले त्याला खरे वाटते. नित्याची खुर्ची कोणी हलविली, जेवणाची वेळ टळली, तर त्याचा सारा दिवस बिघडतो. लोक म्हणतात, स्वभावाला औषध नाही.

अशांपैकी काही माणसांच्या बाबतीत वैद्यकशास्त्र आज निराळे सांगते. ही माणसे उद्धट नाहीत, आळशी नाहीत, वेडीही नाहीत. त्यांच्या मेंदूची घडणच जन्मतः वेगळ्या प्रकारची असते, आणि या वेगळेपणाला 'स्वमग्नता' असे नाव आहे. हे नाव आरंभी केवळ लहान मुलांसाठी योजलेले होते. आज मात्र चाळिशीची, पन्नाशीची, क्वचित साठीची माणसेही आपण होऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जातात आणि 'माझे निदान करा' असे म्हणतात. मुलांचे नाव मोठ्यांपर्यंत पोहोचण्यास इतका काळ का लागला, आणि या काळात ते कोणाकोणाच्या हाती होते, हे आज आपणापुढे मांडावयाचे योजिले आहे.

'ऑटिझम' हा शब्द स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास रूढ केला. 'ऑटोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'स्वतः' असा आहे. ब्लॉयलर यांना या शब्दाने एखादा स्वतंत्र विकार सुचवावयाचा नव्हता. छिन्नमनस्कता, म्हणजे ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो, त्या रोगातील रुग्ण बाह्य जगाकडे पाठ फिरवून आपल्याच मनोराज्यात वावरतो, त्या एका लक्षणाला त्यांनी हे नाव दिले. नाव असे दुसऱ्याच्या घरी जन्मले, त्याचा परिणाम दीर्घकाळ भोगावा लागला. पुढे कित्येक दशके स्वमग्न माणसाची गणना छिन्नमनस्कांत होत राहिली, आणि नको ती औषधे व नको ते कोंडवाडे त्याच्या वाट्यास आले.

पुढची हकिकत मॉस्कोची. ग्रून्या सुखारेवा या तरुण स्त्रीडॉक्टरांनी १९२५ साली सहा मुलग्यांचे अत्यंत बारकाईचे वर्णन प्रसिद्ध केले. समवयस्कांत न मिसळणे, एकाच विषयाचा ध्यास, अवजड चालणे, आवाजाचा त्रास, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, आणि या सर्वांबरोबर कित्येकदा तल्लख बुद्धी असे ते वर्णन आहे. लवकरच त्यांनी मुलींविषयीही लिहिले. आजच्या तज्ज्ञांना हे लेख वाचून नवल वाटते, कारण आज पाठ्यपुस्तकांत जे छापतात त्यातील बराचसा भाग त्यांत आलेला आहे. त्यांचे काम जर्मन भाषेतही छापले गेले होते. तथापि पश्चिमेकडे ते विस्मृतीत पडले, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर व्हावयास १९९६ साल उजाडले.

या विषयाच्या इतिहासात सर्वांत प्रसिद्ध झालेला मुलगा अमेरिकेतील मिसिसिपी संस्थानातील फॉरेस्ट या लहानशा गावचा. त्याचे नाव डोनल्ड ट्रिपलेट; जन्म १९३३ चा. अडीच वर्षांच्या वयात त्याला बायबलातील स्तोत्र मुखोद्गत होते, पण आई खोलीत आली की गेली याची त्याला पर्वा नसे. वाटोळी वस्तू दिसली की ती भोवऱ्यासारखी फिरवीत बसे. 'होय म्हटलेस तर खांद्यावर घेईन' असे वडिलांनी एकदा सांगितले. तेव्हापासून 'होय' या शब्दाचा अर्थ त्याच्या लेखी 'मला खांद्यावर घ्या' एवढाच झाला. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईबापांनी त्याला वयाच्या चौथ्या वर्षी एका संस्थेत ठेवले आणि १९३८ साली परत घरी आणले. त्याच वर्षी वडिलांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना मुलाविषयी ३३ पानांचे पत्र लिहिले. त्या पत्राने कॅनर विचारात पडले. त्यांनी मुलाला पाहिले, त्याच्यासारखी आणखी मुले पाहिली, आणि १९४३ साली ११ मुलांवर, म्हणजे आठ मुलगे व तीन मुली यांच्यावर, आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. डोनल्ड हा त्यातील पहिला मुलगा. ही छिन्नमनस्कता नव्हे, हे वेगळेपण जन्मापासूनचे आहे, हे कॅनर यांनी त्यात बजावून सांगितले.

त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये हान्स ॲस्परगर हे बालरोगतज्ज्ञ तशाच मुलांचा अभ्यास करीत होते. त्यांचा निबंध १९४४ सालचा. त्यात चार मुलग्यांची वर्णने आहेत. ही मुले बोलण्यात मागे नव्हती, उलट वयाला न शोभणाऱ्या प्रौढ भाषेत बोलत. या निबंधातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. अशा एका व्यक्तीला आपण बालपणापासून जवळजवळ तीस वर्षे पाहात आलो, असे ॲस्परगर यांनी तेथे नमूद केले आहे. विद्यार्थिदशेत या गृहस्थाने न्यूटनच्या ग्रंथातील गणिताची एक चूक हुडकून काढली, आणि पुढे तो विद्यापीठात खगोलशास्त्राचा अध्यापक झाला. लोकांत वागण्याचा त्याचा अवघडलेपणा मात्र तसाच राहिला. मुलांच्या आईबापांत तीच लक्षणे सौम्य रूपाने दिसतात, हेही ॲस्परगर यांनी टिपून ठेवले होते. म्हणजे स्वमग्नतेचा प्रौढ माणूस हा काही अलीकडचा शोध नाही. मूळ निबंधाच्या पानांतच तो उभा होता. त्याच्याकडे कोणी वळून पाहिले नाही, एवढेच.

व्हिएन्नाच्या या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो काळ नाझी राजवटीचा होता. त्या शहरातील 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत १९४० ते १९४५ या काळात जवळजवळ ८०० अपंग व आजारी मुले मृत्यू पावली. त्यांतील अनेकांना हेतुपुरस्सर मारण्यात आले. आपल्या विद्यार्थ्यांचे गुण वाखाणणारे ॲस्परगर यांनी काही मुलांना त्याच संस्थेकडे पाठविले होते, हे ऑस्ट्रियन इतिहासकार हेरविग चेख यांनी जुन्या दप्तरांच्या आधारे २०१८ साली उघडकीस आणले. 'शिकविता येण्याजोगा' आणि 'शिकविता न येण्याजोगा' या दोन शेऱ्यांत त्या काळी जीवनमरणाचे अंतर होते. निदान म्हणजे कागदावरचे एक नाव खरे. परंतु ते कोणाच्या हाती आहे यावर त्याने माणूस तरेल की बुडेल हे ठरते.

महायुद्ध संपल्यावर हे नाव मारक राहिले नाही, पण त्याचा एक निराळाच दुरुपयोग सुरू झाला. मूल असे होते ते आईच्या कोरडेपणामुळे, असे मत अमेरिकेत बळावले. कॅनर यांच्या काही उद्गारांनी त्यास आधार मिळाला, आणि शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने ते घरोघर पोहोचविले. हजारो मातांनी हा कलंक मुकाट्याने सोसला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, १९६४ सालीच ग्रंथ लिहून या मताचे खंडन केले होते. शेवटी कॅनर यांनीही १९६९ साली पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

या वादाच्या धामधुमीत मूळची मुले मोठी झाली होती, याचे भान थोड्यांनाच होते. नाव देणारे सारे मुलांचे डॉक्टर. मूल अठरा वर्षांचे झाले की ते त्यांच्या दृष्टीआड जाई, आणि मोठ्यांच्या डॉक्टरांना हे नावच ठाऊक नसे. अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत सूचीत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० साली, आणि तेही 'बाल्यावस्थेतील स्वमग्नता' या नावाने. लक्षणे तीस महिन्यांच्या आत दिसली पाहिजेत, अशी तीत अट होती. जो माणूस चाळीस वर्षांचा आहे आणि ज्याच्या बालपणी कोणी काही टिपून ठेवलेले नाही, त्याच्यासाठी या सूचीचा दरवाजा बंदच होता म्हणावयाचा.

कॅनर यांनी मात्र वृद्धापकाळी आपल्या पहिल्या अकरा मुलांचा माग काढला आणि १९७१ साली तो वृत्तांत प्रसिद्ध केला. तो वाचताना मन विषण्ण होते. जी मुले सरकारी मनोरुग्णालयांत गेली, त्यांची वाढ तेथेच खुंटली. होते तेवढे गुणही विझून गेले. डोनल्डचे तसे झाले नाही. काही वर्षे त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले होते. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजीत बसे. त्या शेतकऱ्याने त्याला मोजण्यापासून परावृत्त केले नाही. नांगर हाती देऊन, नांगरता नांगरता ओळी मोज, असे सांगितले. अध्यापनशास्त्राचे ग्रंथ न वाचलेल्या त्या शेतकऱ्याने दाखविलेली ही युक्ती आम्हा मास्तर लोकांनी लिहून ठेवावी अशी आहे. पुढे डोनल्ड शाळेत गेला, १९५८ साली फ्रेंच भाषेची पदवी घेऊन आला, आणि गावच्या बँकेत नोकरीस लागला.

दुसऱ्या वर्षी, १९७२ मध्ये, कॅनर व त्यांचे सहकारी यांनी आणखी एक निरीक्षण नोंदविले. त्यांच्या रुग्णालयात १९५३ पूर्वी आलेल्या ९६ मुलांपैकी मोजकीच मुले पुढे स्वतंत्रपणे नांदू लागली. या मोजक्यांत एक समान गोष्ट होती : किशोरवयात त्यांना आपल्या वेगळेपणाची बोचरी जाणीव झाली, आणि लोक कसे वागतात हे पाहून त्यांनी स्वतःला जाणूनबुजून घडविले. म्हणजे जी मोठी माणसे आपल्यात सामान्यपणे वावरताना दिसत होती, ती एक अवघड नाटक रोज वठवीत होती. नाटक उत्तम वठले की प्रेक्षकाला ते नाटक वाटत नाही. पण नटाचा थकवा खराच असतो.

हा दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला तो लंडनमधील लोर्ना विंग या विदुषीने. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांची मुलगी सूझी १९५६ साली जन्मली व ती स्वमग्न आहे असे पुढे कळून आले. समदुःखी पालकांना जमवून त्यांनी १९६२ साली जी संस्था काढली, तीच आजची ब्रिटनची 'नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी' होय. पुढे त्यांनी व ज्युडिथ गूल्ड यांनी दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल भागातील पंधरा वर्षांखालील मुलांची पाहणी केली. १९७९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॅनर यांच्या वर्णनात तंतोतंत बसणारी मुले थोडी. पण लोकांत मिसळणे, संभाषण करणे आणि कल्पनेने खेळणे या तीन बाबतींत एकाच प्रकारच्या अडचणी असलेली मुले त्याहून कितीतरी अधिक, असे त्यांना आढळले. यातूनच पुढे 'वर्णपट' ही कल्पना आली. इंद्रधनुष्यात तांबडा कोठे संपतो व नारिंगी कोठे सुरू होतो, हे बोट ठेवून सांगता येत नाही, तसेच येथे आहे. एका टोकाला न बोलणारे, सर्वस्वी परावलंबी मूल; दुसऱ्या टोकाला विद्यापीठात शिकविणारा, पण चहापानाच्या वेळी कोपरा गाठणारा प्राध्यापक.

१९८१ साली लोर्ना विंग यांनी ॲस्परगर यांच्या विसरलेल्या निबंधाची इंग्रजी वाचकांना ओळख करून दिली. स्वतः तपासलेल्या ३४ व्यक्तींची माहिती त्यांनी तेथे दिली, आणि या व्यक्तींची वये पाच वर्षांपासून पस्तीस वर्षांपर्यंत होती. प्रौढ माणसे या निदानाच्या कक्षेत उघडपणे आणली गेली ती अशी. त्यांतील काही जण उदासीनता अथवा अन्य मानसिक अस्वास्थ्य यांमुळे डॉक्टरांकडे आले होते. मूळ गोष्ट स्वमग्नता होती व ती तोवर कोणाच्या ध्यानी आली नव्हती. एका आईने आपल्या मुलीसाठी सुरू केलेल्या शोधात अनोळखी प्रौढांना आपले नाव सापडले, हे या इतिहासातील मला सर्वांत हृद्य वाटणारे पान आहे.

यानंतर घटना भराभर घडल्या. १९८६ साली अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या पशुविज्ञानाच्या अभ्यासक स्त्रीने आपली स्वमग्नता आतून कशी असते, हे आत्मचरित्रात लिहिले. तोवर बाहेरून पाहणाऱ्यांनी वर्णने केली होती. १९९१ साली उटा फ्रिथ यांनी ॲस्परगर यांच्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि १९९४ साली 'ॲस्परगर विकार' हे नाव अमेरिकन सूचीत दाखल झाले. मग एक विलक्षण गोष्ट वारंवार घडू लागली. मुलाला घेऊन आलेला बाप डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता चपापू लागला. हे प्रश्न मुलाविषयी आहेत की माझ्याविषयी, असे त्याच्या मनात येई. आईबापांत तीच लक्षणे दिसतात, हे ॲस्परगर यांनी पन्नास वर्षांपूर्वी टिपलेले वाक्य अशा रीतीने त्या आईबापांनीच खरे करून दाखविले.

नावाजलेल्या माणसांनीही हे निदान उघडपणे सांगितले. अमेरिकन संगीतसमीक्षक टिम पेज यांना १९९७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. तरी आयुष्यभराची एक अस्वस्थता त्यांना सुखाने बसू देईना. तिचा उलगडा त्यांना २००० साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास, या निदानाने झाला. इंग्लंडमधील निसर्गविषयक कार्यक्रमांचे प्रसिद्ध निवेदक क्रिस पॅकम यांचे निदान २००५ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी झाले. या दोघांच्या अंगी कर्तृत्व होते, लौकिक होता. उणीव होती ती एका उत्तराची.

आता प्रौढ माणसाचे हे निदान होते तरी कसे? येथे रक्ताची चाचणी नाही, क्ष-किरणांचे छायाचित्र नाही. तज्ज्ञ त्या व्यक्तीशी दीर्घ मुलाखत करतात, तिचे बोलणे, हावभाव, नजर यांचे पद्धतशीर निरीक्षण करतात आणि तिच्या बालपणाचा कसून तपास करतात. कारण हे वेगळेपण बालपणापासूनचे असल्याखेरीज त्याला स्वमग्नता म्हणता येत नाही. केंब्रिज येथे सायमन बॅरन-कोहेन व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली पन्नास विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती घरबसल्या भरता येते व पुष्कळ जण भरतातही. परंतु ती पुढे तपासणी करावी की नाही एवढेच सुचविते. तिचे गुण म्हणजे निदान नव्हे, हे पक्के ध्यानात असावे.

बालपणाचा तपास हीच प्रौढांच्या बाबतीत मोठी अडचण. साठीच्या माणसाचे आईवडील बहुधा हयात नसतात. भावंडांना मोजके आठवते. अशा वेळी जुनी कागदपत्रे कामी येतात, आणि त्यांत शाळेच्या प्रगतिपुस्तकाला मोठे मोल आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रौढांच्या निदानाविषयी जी अधिकृत मार्गदर्शिका निघाली, तीतही शाळेच्या अहवालांचा उपयोग करावा असे सांगितले आहे. 'हुशार आहे, पण इतरांत मिसळत नाही', 'स्वतःच्या नादात असतो', 'खेळाच्या तासाला हजर नसतो' असे शेरे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे लिहीत आलो. चाळीस वर्षांनंतर एखादा तज्ज्ञ ते भिंगातून वाचील, असे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसते. म्हणून माझी गृहिणींना विनंती आहे की, रद्दीवाल्यास कागद देताना मुलांची प्रगतिपुस्तके तेवढी बाजूला काढून ठेवावी.

स्त्रियांच्या बाबतीत तर निदान अधिकच उशिरा होते. आरंभीच्या निबंधांत मुलगेच फार. त्यामुळे लक्षणांची जी यादी तयार झाली ती मुलग्यांची. मुली मैत्रिणींचे वागणे पाहून पाहून उचलतात, हसावयाचे तेथे हसतात, आणि घरी येऊन थकून पडतात. आपल्याकडे तर अबोल मुलीला 'पोर किती शांत आहे' म्हणून वाखाणण्याचीच रीत. मुलग्यात जो दोष दिसला असता, तो मुलीत गुण ठरला. आणि ती पुढे संसारात, नोकरीत पिचत गेली तरी कोणाला कारण उमगले नाही. अमेरिकन सूचीची २०१३ साली जी पाचवी आवृत्ती निघाली, तीत याची थोडीफार दखल घेण्यात आली. लक्षणे बालपणी असलीच पाहिजेत, परंतु व्यवहाराचा ताण वाढेपर्यंत ती पूर्णपणे दिसणार नाहीत, किंवा शिकलेल्या युक्त्यांनी पुढे झाकली जातील, असे तीत मान्य केले आहे. याच आवृत्तीने 'ॲस्परगर' हे वेगळे नाव काढून टाकून सर्वांना एकाच वर्णपटाखाली आणले. ते नाव ज्यांनी आपलेसे केले होते, त्यांतील पुष्कळांना याचे वाईट वाटले.

यावर कोणी विचारील की, पन्नाशी उलटल्यावर हे नाव घेऊन करावयाचे काय? स्वमग्नता घालविणारे औषध नाही, आणि लग्न, नोकरी, भांडणे जी व्हावयाची ती होऊन गेली. हा प्रश्न वाजवी आहे. त्याला उत्तर असे की, माणूस पन्नास वर्षे स्वतःला एक खुलासा देतच असतो. आपण नालायक आहोत, आपणांस माणुसकी नाही, आपण प्रयत्न करीत नाही, असा तो खुलासा असतो. कारण इतरांनी त्याला तोच पढविलेला असतो. खरे निदान या खोट्या खुलाशाच्या जागी येते. त्याबरोबर काही व्यावहारिक गोष्टी साधतात. कचेरीत तोंडी हुकुमाऐवजी लेखी सूचना मागता येते, गोंगाटापासून दूर टेबल मागता येते. घरात बदलाची पूर्वसूचना देण्याची रीत पाडता येते. सोबत येणारी चिंता व उदासीनता यांवर तर उपचार आहेतच, आणि मूळ कारण कळले की ते अधिक नेमके होतात. पती-पत्नींतील पुष्कळसा कडवटपणाही 'हा मुद्दाम करीत नाही' एवढे कळल्याने निवळतो.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक अबोल माणूस स्वमग्न नसतो. लाजाळूपणा, उदासीनता, बालपणीचे आघात यांचेही रूप वरवर असेच दिसते. म्हणून हे काम तज्ज्ञाचे. अठराव्या शतकातील हेन्री कॅव्हेंडिश या एकलकोंड्या शास्त्रज्ञासारख्या गतकाळच्या थोर पुरुषांवर हे नाव चिकटविण्याची हौसही अलीकडे दिसते. ते तर्क म्हणून वाचावे. ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याचे निदान होत नाही. आणि ज्याला निदान नको आहे, त्याच्यावर ते लादण्याचा अधिकारही कोणाला नाही.

कायद्याने या नावाची दखल घेतली तीही हळूहळू. इंग्लंडमध्ये २००९ साली 'ऑटिझम ॲक्ट' झाला. एकाच प्रकारच्या अपंगत्वासाठी त्या देशात झालेला तो पहिला कायदा, आणि त्याचा भर प्रौढांवरच आहे. तेथे झालेल्या एका पाहणीत सुमारे १ टक्का प्रौढ या वर्णपटावर असल्याचे आढळले, आणि त्यांना बहुधा कोणी ओळखलेले नव्हते. आपल्या देशात १९९५ सालच्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने तिला प्रथम स्थान दिले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारांपैकी एक म्हणून ती समाविष्ट झाली. प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनपद्धतीही सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली. तथापि आपल्याकडील बहुतेक केंद्रे मुलांसाठी आहेत. पुण्यामुंबईतही प्रौढाने हा प्रश्न घेऊन कोणाकडे जावे, हे त्याला चार ठिकाणी विचारावे लागते. आणि त्याआधी घरच्यांचे 'या वयात हे काय खूळ' हे वाक्य ऐकावे लागते. पहिल्या अडचणीचे निवारण सरकारने व तज्ज्ञांनी करावयाचे. दुसरीचे मात्र आपणच करू शकतो.

डोनल्ड ट्रिपलेट २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी वारले. बँकेची नोकरी, स्वतः चालविलेली मोटार, गोल्फचा खेळ आणि पंचवीसहून अधिक देशांचा एकट्याने केलेला प्रवास असे त्यांचे आयुष्य होते. घर सुस्थितीतले होते व आईबाप चिकाटीचे, हे त्यांचे भाग्य. परंतु त्यांच्या गावाचेही श्रेय मोठे आहे. आपल्या परिचितांना ते क्रमांक देत आणि वर्षांनंतर भेटले तरी क्रमांकाने हाक मारीत. गावकऱ्यांना त्यात काही गैर वाटत नसे. त्यांची चौकशी करण्यास आलेल्या परक्या बातमीदारांना त्याच गावकऱ्यांनी, डोनल्डला त्रास दिलात तर गाठ आमच्याशी आहे, असे स्पष्ट बजावले होते. आपल्या आळीतील, आपल्या घरातील एखादा वडीलधारा गृहस्थ किंवा एखादी वहिनी उद्या म्हणाली की, मला माझ्याविषयी एकदा विचारून घ्यावयाचे आहे, तर तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे, आणि विचारतील तेव्हा तिच्या लहानपणचे जे आठवत असेल ते खरे खरे सांगावे. आजवर आपण ज्यांना नावे ठेवली, त्यांच्यासाठी एवढे तरी करणे आपल्या हाती आहे.